आजींचा आवाज ठेवा

चिरंजीव अप्पास राजाजीनगरहून अक्काचे आशीर्वाद.

बेळगावात तुला सगळं आठवतं, एक बहीण तेवढी विसरतोस. यंदा भाऊबीजेला फोनसुद्धा नाही. सरी, असू दे, वय झालं म्हणायचं, माझ्यापेक्षा धाकटा असलास तरी!

माझी नात सुखदा गाणी रचून गाते आणि नमुना म्हणून कंपन्यांना पाठवते. त्याला डेमो म्हणतात. एका कंपनीने कळवलं, फार संथ आहे. दुसरीने काहीच कळवलं नाही. म्हणून या खेपेला तिने सुरुवातीला माझी ओवी घातली. लग्नाआधी दळताना तुझ्या नावाने म्हणायचे, तीच.

काल उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं, "आजींचा आवाज ठेवा, पुढचं दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊ." मला हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला.

"आजी, बेळ्ळंदूरला स्टुडिओ आहे त्यांचा. उद्या नेते तुला."

"अगं, घसा बसलाय माझा."

तर पोरीने हळदीचं दूध करून आणलं. गायले, तर तिच्याच गाण्यातून तिला बाहेर काढते. नाही गायले, तर गाणं घरातच राहतं. काय करू रे?

शेजारची अक्षरा हे लिहून घेते आहे. पोस्टात टाकू नको म्हटलंय तिला. तू वाचून सुखदाला समजवायला फोन करशील, आणि आता हसून दाखवते आहे तेही तिला जमायचं नाही.

तुझी,
अक्का

ता. क. फोनवर एवढंच सांगेन: पोरगी जेवत नाही, मांडे पाठव. तूप जास्त लावून.