सोळा पायऱ्यांची गोष्ट

अण्णा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी तिथे विहिरींची पाणीपातळी मोजण्याच्या नोकरीवर होते. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष.
२. तुम्ही कंधारला, किराणा दुकानावरच्या खोलीत एकटे राहत होता.
३. होळीनंतर तुम्ही मला एक नवी गोष्ट टपालाने पाठवली. खाली नेहमीसारखं लिहिलं होतं, सोमवारपर्यंत कळव.
४. मी वेळेत कळवलं.
५. त्यानंतर सतराव्या दिवशी तुमच्या खोलीच्या जिन्यावर, चौथ्या पायरीवर, तुमचा मृत्यू झाला.

तुम्ही हे वाचलं असतं तर म्हणाला असता, ‘बाई, ह्यो तर पंचनामा झाला. ह्याच्यात भ्यायचं कुठं?’

भ्यायचं कुठं ते तुम्हीच शिकवलं होतं. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, आणि तुमचा अख्खा वर्ग भीतीची गोष्ट ऐकायला बसलेला. बाहेर लख्ख ऊन असायचं. तुमच्या गोष्टीत भूत कधीच आलं नाही. एक खात्रीचा माणूस यायचा, ओव्हरसियर नाहीतर तलाठी, आणि त्याच्या कामात काहीतरी एवढंसं चुकायचं. मी दहावीत असतानाचं आठवतं. माय जाऊन वर्ष झालं होतं, स्वयंपाक माझ्याकडे होता. मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही उंबऱ्यात बसून नवी गोष्ट वाचून दाखवता आहात. ओव्हरसियर बारवेत उतरतो तेव्हा एकेचाळीस पायऱ्या मोजतो, वर येतो तेव्हा बेचाळीस.

“मोजताना चुकला असेल,” मी म्हणाले.

“हाव! त्यालाबी तसंच वाटलं पाहिजे. दर वेळेला त्याच्यापाशी कारण पाहिजे, अन् कारण पटणारं पाहिजे. वाचणारा भितो ते त्या कारणांना. भुताला कोण भितं?”

“मग भित्रा माणूसच घ्या की गोष्टीत.”

“भित्र्याच्या भीतीत काय दम हाय? तो मांजरालाबी भितो. खात्रीचा पाहिजे, दोनदा मोजणारा. तुझी भाकरी करपून राहिली.”

“करपली नाही. एका बाजूने जास्त भाजली आहे.”

तुम्ही कागद खाली ठेवून इतके हसलात की ठसका लागला. “अस्सा माणूस! अस्साच पाहिजे मला गोष्टीत.”

नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा तुम्ही माझं काम खोदून खोदून विचारलंत. मी सांगितलं की प्रत्येक विहिरीच्या काठावर एक कायमची खूण असते, टेप दर वेळी तिथूनच सोडायचा. टेपच्या टोकाला खडू फासायचा, तो भिजेल तिथवर पाणी. खूण नसेल तर आकड्याला अर्थ नाही, आणि तारीख नसेल तरीही नाही. तुम्ही विद्यार्थ्यासारखे ऐकत होता. निघताना तुमची शाळेतली लाल-निळी पेन्सिल माझ्या पिशवीत टाकलीत. मी ती परत काढून ठेवली. ऑफिसात मिळते, मी म्हणाले.

मग ती गोष्ट आली. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या सहा विहिरी मोजून मी परतले होते. सहापैकी चार विहिरींत खडू कोराच वर आला होता. तांब्याभर पाणी होतं, त्यात हात धुऊन मी तुमचं पाकीट उघडलं. एक सर्व्हेअर रोज एका जिन्याने वर जातो. जिना सोळा पायऱ्यांचा. एके दिवशी त्याला तो अठरा पायऱ्यांचा वाटतो, पुढच्या आठवड्यात बावीस. खाली उतरताना मात्र सोळाच भरतात. तो कुणाला सांगत नाही. आपल्या मोजण्यावर त्याचा भरवसा आहे, म्हणून तो जिन्यावर संशय घेतो.

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘रचना चांगली आहे, पण भीती टिकत नाही. जिना वाढत नसतो. या माणसाला फक्त दम लागतो आहे, हे वाचक दुसऱ्याच पानावर ओळखेल. दुसरं कारण शोधा.’

तुमचं कार्ड आलं. ‘तुझं बरोबर हाय. पुन्हा लिहून बघतो.’

मी कंधारला पोहोचले तेव्हा बौद्धवाड्यातली माणसं तुम्हाला खाली घेऊन आली होती. वंदना झाली, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी मी खोली आवरायला निघाले. जिना चढताना भिंतीवर बाराव्या पायरीपाशी निळी रेघ दिसली, शेजारी बारीक अक्षरात तारीख. मी खाली वळून पाहिलं. दहाव्या पायरीपाशी तशीच रेघ, त्यानंतरची तारीख. मग आठवी. मग सहावी. वर चढताना मी तिथवर भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. तुम्ही जिथे थांबून बसत होता तिथे खूण केली होती, तारखेसकट, मी सांगितलं होतं तशी. दहाव्या पायरीची तारीख गोष्ट पाठवण्याच्या आदल्या दिवसाची होती.

दुकानदारकाका खालून म्हणाले, “गुरुजी लई येळ बसायचे तिथं. म्हणायचे, पोरगी विहिरी मोजून राहिली, मी जिना मोजून राहिलो. मी म्हणलं, गुरुजी, कळवू का तिला? तर म्हणले, कळवलंय.”

मी म्हणाले, “हो, कळवलं होतं.” आणि सोळाही पायऱ्या पुन्हा मोजल्या.

याला अकरा वर्षं झाली. तुमच्या गोष्टीतला खात्रीचा माणूस कोण होता ते मला त्या जिन्यावर कळलं. तो सर्व्हेअर नव्हता. प्रत्येक वेळी पटणारं कारण जिच्याकडे तयार होतं, ती मी होते. कारण बरोबरही होतं. दमच लागत होता. मी ओळखलं, लिहून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या विहिरीवर गेले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला ठाऊक आहे. तरी पाकीट आणलं आहे. आणखी एक, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. दिवसभर मी मोजण्याचंच काम करते, पण जिना चढताना आता मोजत नाही. आकडा मनात आपोआप सुरू झाला तर थांबते आणि पुन्हा खालून चढते.

एकच विचारायचं आहे. ती गोष्ट मला कळावं म्हणून पाठवली होती, की कळू नये म्हणून?

सोमवारपर्यंत कळवा.