विजयदुर्ग व्हाया व्यारा

३ एप्रिल, पहाट
सळ्ळ. थोडे थांबून पुन्हा सळ्ळ. सुपात तुरी घोळवल्याचा आवाज. त्यानेच जाग आली.
चौथीत वाणी गुरुजी समुद्राची कविता शिकवायला घरून सूप आणत. डोळे मिटा, म्हणत, ही लाट. आमच्या गावात समुद्र कोणी पाहिला नव्हता, गुरुजींनी तर नाहीच. पुस्तकात कवितेखाली चित्र होते: किल्ला, एक गलबत, आणि बारीक अक्षरांत ‘विजयदुर्ग’.
संकल्प: याच महिन्यात विजयदुर्ग. मी आणि सरला. स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवून.
(भिंतीवरचे कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्याने घासत होते, असे नंतर दिसले. संकल्प कायम.)

४ एप्रिल
सरलाला सांगितले. ती मिरच्यांचे देठ काढत होती. म्हणाली, डुमसला नेलं होतं की एकदा, तोच ना समुद्र. आमच्या सुरतेचे डुमस म्हणजे समुद्र नव्हे. डुमस म्हणजे भजी, आणि भज्यांच्या मागे पाणी.
मग विचारले, गाडी कोण चालवणार? हा प्रश्न लागला. गाडीची किल्ली खिशात टाकली.

७ एप्रिल
पूर्वतयारी. गाडी धुतली. सुरू झाली नाही. ज्यांच्याकडून ती घेतली ते शेजारचे भूपेंद्रभाई गॅलरीतून म्हणाले, काका, बॅटरी उतरी गई छे. धक्का त्यांनी आणि सरलाने मारला. मी स्टिअरिंगवर होतो, ते काम जबाबदारीचे. सोसायटीच्या गेटला थोडी घासली. गेटच अरुंद आहे.
दोन ओळी सुचल्या:
हे सागरा, मी निघतो आहे,
टायरमध्ये हवा भरतो आहे.
यमक जमले. वृत्ताचे नंतर पाहू.

१० एप्रिल
शाळासोबत्यांच्या ग्रुपवर जाहीर केले. सुकलालने लगेच लिहिले, भो, फोटो टाकजो, नाहीतर आम्ही नाही मानणार. शाळेतही असाच होता.
आता माघार नाही.

१४ एप्रिल
२८ तारीख ठरवली. सरलाने कॅलेंडर पाहिले. मग म्हणाली, तीसला आखाजी आहे. म्हणजे उज्ज्वला येणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, हे खानदेशातल्या माणसाला सांगावे लागते का? पण गेल्या वर्षी तिची सासू आजारी, त्याआधी बाळंतपण. दोन आखाज्या ती आलेली नाही. सरलाने लेकीसाठी गच्चीवर टांगायच्या आखाजीच्या झोक्याची दोरी धुऊन वाळत घातली आहे.
मला पटते. पण आखाजी दरवर्षी येते. समुद्र दरवर्षी येत नाही.

१५ एप्रिल
उज्ज्वलाला साक्रीला फोन केला. सांगितले, आम्ही बाहेरगावी असू, तू पुढच्या वर्षी ये. म्हणाली, बरं बाबा, आईला नीट न्या. आवाज बारीक वाटला. साक्रीला नेटवर्क कमीच.
सरला जेवली नाही. उन्हाळ्यात भूक मंदावते.

२१ एप्रिल
सरावासाठी इच्छापोरपर्यंत जाऊन आलो. उड्डाणपूल टाळला, मागचे लोक फार हॉर्न वाजवतात. चौथा गियर लागत नाही. तिसऱ्यात दृश्य जास्त दिसते.

२८ एप्रिल, पहाट
प्रस्थान. सगळी सोसायटी खाली उतरली. भूपेंद्रभाईंनी नारळ फोडला. मी दोन शब्द बोललो. दोनाचे जास्त झाले असावेत, मुले परत झोपायला गेली. मोबाइलवरचा नकाशा बंद ठेवणार. रस्ता यंत्राने सांगायचा तर प्रवास कसला.

२८ एप्रिल, दुपार. कडोदरा, गॅरेजचे बाकडे
लिहू की नको. माझ्याशिवाय कोण वाचणार आहे.
निघालो तो कविता म्हणत. पहिले कडवे पाठ आहे. दुसरे आठवता आठवता कडोदरा गेले, बारडोली गेली. रस्ता इतका ओळखीचा वाटत होता की मनात म्हटले, हे पूर्वजन्मीचे नाते. सरलाही खुशीत होती. सकाळी तोंड पाडून बसलेली, ती आखाजीची गाणी गुणगुणू लागली. बारडोलीला तिने आंब्यांची पेटी घेतली. मला वाटले, समुद्राची ओढ.
व्याऱ्याला चहाला थांबलो. समोरून एसटी गेली. पाटी: धुळे.
विजयदुर्ग दक्षिणेला. मी पूर्वेला. चाळीस वर्षे सुरतेतून बाहेर पडलो ते फक्त गावी जायला. हाताला दुसरे वळण ठाऊकच नाही.
म्हटले, चुकलो, मागे फिरू. सरलाने कप खाली ठेवला. म्हणाली, माले वाटनं, तुम्ही मुद्दाम माले उज्ज्वलाकडे लई जाई ऱ्हायनात.
तोच रस्ता पुढे साक्रीला जातो. नुसती मान हलवली असती तरी भागले असते. मी म्हणालो, संकल्प म्हणजे संकल्प. आणि गाडी वळवली.
सरलाची गाणी थांबली. कडोदऱ्याला बॉनेटमधून वाफ आली. मेकॅनिक म्हणतो, चार-पाच दिवस. आंबे मांडीवर घेऊन ती शेजारी बसली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

२९ एप्रिल
काल भर उन्हात, सगळे झोपले असताना, रिक्षाने घरी आलो. तोंडाला पंचा बांधला होता. आता खिडक्या बंद, टीव्ही बंद. कुकरची शिट्टी ऐकू जाईल म्हणून सरलाने वरण पातेल्यात शिजवले.
सुकलालने विचारले, पोहोचला का? लिहिले: ‘लाटा. शब्द नाहीत.’ पंधरा जणांनी हात जोडले. आरशासमोर उभे राहवेना म्हणून दाढी केली नाही.
योजना: गाडी मिळाली की पहाटे बॅगा घेऊन परत आल्यासारखे यायचे. त्याआधी थोडे रापायला हवे. दुपारी स्वयंपाकघराच्या झरोक्याखाली उन्हात बसावे.
सरला आत फोनवर हळू बोलत होती. माझ्याच तक्रारी असणार. कान दिला नाही. (दिला होता. ऐकू आले नाही.)

३० एप्रिल, सकाळ
आखाजी. सरलाने पितरांची घागर भरून पूजली. झोका टांगता आला नाही, गच्चीवर लोक बघतील. दोरीची गुंडाळी उशाशी ठेवून पडून आहे. विचारले, डोकं दुखतं का? नाही म्हणाली.
विजयदुर्गचे आता मनात येत नाही. व्याऱ्याचा तो चहा पुन्हा मिळाला तर, एवढेच येते.

त्याच दिवशी, नंतर
बेल वाजली. मी तोंडावर बोट ठेवले. पुन्हा वाजली. सरला उठली, केस नीट केले आणि सरळ जाऊन दार उघडले. मी बनियनवर, कपाटाच्या आडोशाला, हातात आंब्याची कोय.
दारात प्रदीपराव. आमचे जावई. आखाजीला लेक येते. जावई न सांगता येऊन उभे राहिल्याचे मी ऐकलेले नाही. घरात दूधसुद्धा नाही. त्यांच्या मागे भूपेंद्रभाई, आणि जिन्यावर जवळजवळ सगळी सोसायटी.
भूपेंद्रभाई म्हणाले, अरे काका, तमे गया ज नथी?
गेलो नव्हतो हे दिसतच होते, मी कोय पाठीमागे लपवली. प्रदीपराव वाकून पाया पडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, मामा, काल मामींचा फोन आला. तुम्ही आमच्याकडेच निघाला होता म्हणे. समुद्राचं सांगितलं ते नुसतं उज्ज्वलाला चकवायला. व्याऱ्यापर्यंत आलात आणि गाडीने दगा दिला. ती कालपासून गल्लीभर सांगत फिरतेय, बाबा माझ्याशी खोटं बोलले, आणि डोळे पुसतेय. चला, गाडी खाली उभी आहे.
भूपेंद्रभाई म्हणाले, वाह काका. कोणीतरी टाळी वाजवली.
मी सरलाकडे पाहिले. ती आंब्यांची पेटी जावयाच्या हातात देत होती. वर पाहिले नाही.
मी सदरा शोधू लागलो.