चार सेकंदांचा इशारा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही. यात फक्त खरं लिहायचं. वही ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्याकडे. शिवाय फटीत एक केस अडकवून ठेवला आहे. माझाच. फार उरलेले नाहीत, पण सुरक्षिततेपुढे काय.

आज सट्ट्याच्या ॲपची जाहिरात रेकॉर्ड केली. जाहिरात तीस सेकंदांची. त्यात सव्वीस सेकंद गाणं, हसणं आणि नाण्यांचा खळखळाट. शेवटचे चार सेकंद माझे. ‘या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, अठरा वर्षांखालच्यांना मनाई आहे, स्वतःच्या जबाबदारीवर भाग घ्यावा.’ एका श्वासात. ४.१ सेकंद. रेडिओवर एवढं भरभर आणि तरी एवढं स्पष्ट बोलणारा दुसरा माणूस नाही. कितीतरी घरं माझ्यामुळे वाचत असतील. कोणी आभार मानत नाही. मीही त्यासाठी करत नाही. कोणी मानलेच तर हरकत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
रेकॉर्डिस्टवर संशय. घरी स्टॉपवॉच लावून जाहिरात ऐकली तर ३.६! माझा अर्धा सेकंद कुठे गेला? जाब विचारला. म्हणाला, सर, जरा स्पीड वाढवलाय, कुणाला कळतंय? कुणाला म्हणजे काय? मला कळलं ना!

संकल्प : आपणच ३.५ मध्ये बोलायचं. म्हणजे त्याला कापायला काही उरणारच नाही. रोज सकाळी वीस वेळा सराव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पेपरात बातमी. सट्ट्याच्या जाहिरातींवर सरसकट बंदी आणायची की नियम घालायचे, हे ठरवायला समिती नेमली आहे. लोकांचं म्हणणंही ऐकणार. नेमकं आत्ताच का? माझा जम बसलेला असताना? साबणाच्या जाहिराती करणारा तो घोगऱ्या आवाजाचा यामागे असणार.

माझं मत पक्कं. बंदी नको, नियमन हवं. आणि नियमन म्हणजे शेवटी कोण? मी.

बायको म्हणाली, पण तू काय बोलतोस ते मलाच कळत नाही. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

९ फेब्रुवारी, रविवार
घरात काहीतरी शिजतंय. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माझ्या आईचा फोन घेऊन गॅलरीत उभा होता. (नोकरी शोधायला महिनाभर म्हणून आलाय. महिना ऑक्टोबरात सुरू झाला.) मला पाहताच फोन खिशात. विचारलं तर म्हणतो, मावशींना अक्षरं मोठी करून देतोय. अक्षरं मोठी करायला गॅलरी लागते?

ड्रॉवरमधला केस पडला होता. वाऱ्याने की बायकोने, ते समजत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आईच्या हातात बांगड्या नाहीत. बाबांनी केलेल्या, सोन्याच्या. विचारलं. म्हणाली, सोनाराकडे उजळायला दिल्यात. एवढं बोलून तिने मेहुण्याकडे पाहिलं आणि मेहुण्याने ताटात मान घातली.

सगळा उलगडा झाला. हा आईच्या फोनवर सट्टा खेळतो. हरला. आईला गोड बोलून गुंडाळलं आणि बांगड्या फुंकल्या. आई भोळी. दिवसभर रेडिओ ऐकत बसते, तिला यातलं काय कळणार? आणि हे माझ्या घरात! माझा इशारा दिवसातून चाळीस वेळा लागतो. पण काही माणसांना चांगलं सांगितलेलं पचतच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १
मेहुण्यावर पाळत. थेट सोनाराच्या दुकानात शिरला! मी समोर विजेच्या खांबामागे. खांब बारीक आहे, पण मी श्वास आत ओढून धरला. श्वासावर माझी हुकमत आहेच. दहा मिनिटांनी हात हलवत बाहेर आला आणि नेमका माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, भाऊजी, उन्हात का उभे आहात? चला घरी, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हणालो, मला सगळं माहीत आहे. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, मग तुम्ही काहीच का करत नाही? काय निर्ढावलेपण!

१५ फेब्रुवारी, शनिवार
समितीचं पत्र. मी अर्ज केला होता, म्हणणं मांडायला बोलावलंय. मंगळवारी अकरा वाजता, दहा मिनिटं. सोबत एक माणूस आणता येईल.

प्लॅन असा : आईला न्यायचं. वय चौऱ्याहत्तर, माझी एकही जाहिरात चुकवत नाही. तिला इशारा समजतो म्हटल्यावर कोणालाही समजतो. बंदीचं कारणच संपलं.

आई आधी नको म्हणाली. मग विचारलं, तुझ्या कामाचं आहे का रे? हो म्हटल्यावर तयार. मेहुणा मात्र एकदम मध्ये पडला, मावशींना नेऊ नका म्हणाला. घाबरलाय. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की गप्प बसला. तिलाही त्याचा संशय आलेला दिसतो.

बायको म्हणाली, आईंना काय बोलायचं ते तरी आधी विचारून ठेव. विचारणार नाही. साक्षीदाराला पढवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८
इस्त्रीचा शर्ट. घसा मोकळा. सरावात ३.५ गाठले. आज बंदीचा विषय कायमचा मिटणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
आधी मी बोललो. उत्तम बोललो. मग प्रात्यक्षिक. ३.४! आयुष्यातला विक्रम. टिपणं घेणाऱ्या कारकुनाने हात वर केला, म्हणाला, परत सांगा. परत सांगितलं. त्याने कागदावर नुसती रेघ मारली. तो घोगऱ्याचा माणूस असणार.

मग आई. अध्यक्षबाईंनी विचारलं, आजी, जाहिरातीत शेवटी तुमचा मुलगा काय सांगतो? आई म्हणाली, ते काही कळत नाही हो, फार भरभर असतं. पण आवाज त्याचाच. बाई म्हणाल्या, मग ऐकून तुम्हाला काय वाटतं? आई म्हणाली, माझा मुलगा मला कधी फसवायचा नाही. तो ज्यात आहे ते चांगलंच असणार. म्हणून तर मी खेळायला लागले.

पुढचं तिने कोणी न विचारताच सांगितलं. ॲपवाल्यांची मुलगी फोनवरून किती प्रेमाने शिकवते. बांगड्या कशा विकल्या. मेहुण्याला कळल्यावर तो फोनमधून ॲप काढून टाकायचा आणि ही त्या मुलीला विचारून परत घालून घ्यायची. सोनाराकडे तो बांगड्या परत मिळतात का बघायला गेला होता, मिळाल्या नाहीत. आईने त्याला शपथ घातली होती, मुलाला सांगू नकोस, त्याच्या कंपनीत मी हरते हे कळलं तर त्याला वाईट वाटेल.

माझ्या कंपनीत.

कारकुनाने हे सगळं उतरवून घेतलं. एकदाही परत सांगा म्हणाला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मेहुण्याची माफी मागितली. तो म्हणाला, भाऊजी, फार भरभर बोललात, कळलं नाही. मुद्दाम म्हणाला असा संशय आहे. परत मागितली.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६
आईजवळ बसून तिला ते वाक्य एकेक शब्द सुटा करून सांगितलं. जोखीम म्हणजे काय, सवय म्हणजे काय. घड्याळ लावलं नव्हतं. बराच वेळ लागला. तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघून बोलता येईना, म्हणून खिडकीकडे बघून बोललो. लाज वाटली. आई शांतपणे ऐकून म्हणाली, हे तू मला घरात कधी बोलला नाहीस.

तेवढ्यात रेडिओवर जाहिरात लागली. गाणं, हसणं, नाणी. मी उठलो आणि रेडिओ बंद केला. आई चिडली. म्हणाली, अरे, थांब ना, तुझं यायचं होतं अजून.