खमिराची वाटणी

पुणे

माझ्या आईले पंजाबचं पायावर डोकं.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. भाऊच्या मोबाइलवर वहिनीसमोर मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहून राह्यलो. शेजारच्या डिंपलकडून वाचून घे. तुझा खोकला कमी झाला का?

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. पावाचं खमीर जिवंत असते, ते तिथल्या मॅडमनं मले बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्रातून दाखवलं. एका पेशीच्या दोन होतात. आत बारीक धागे असतात. पेशी आधी प्रत्येक धाग्याची जोडी बनवते, मग एकेक दोन्हीकडं ओढते. इथला पाव लय मऊ असते, ते असो. एक जरी जोडी दोन्ही बाजूंनी नीट धरली गेली नसली, तर पेशी वाटणी थांबवते.

"किती वेळ?" मी विचारलं.

"धरली जाईपर्यंत," मॅडम म्हणाल्या.

आई, बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली आपली वाटणी झाली. तू जानेफळले मोठ्या भाऊकडे, बाबा देऊळगाव राजाले धाकट्याकडे. मले फोनवर विचारलं तेव्हा मी जत्रेत होतो. "करा काय करायचं ते," म्हणून मोकळा झालो. "थांबा" म्हणालो असतो तर?

बाबाचा अडकित्ता तुझ्याकडेच राहिला म्हणे. कोणाच्या हाती पाठवू नको. पोळ्याले मी बाबाले तुझ्याकडे घेऊन येतो. सुपारी मात्र आधी कातरून ठेवू नको. तुझ्यापाशी बसून कातरू दे त्यायले.

तुझा भटक्या,
पंजाब