वैशालीच्या दोन काड्या

४ जुलै
माझी लावणी संपली. सात बायका, सगळ्यांच्या पुढे मी. लग्न होऊन या गावात आले त्याला तेवीस वर्षं झाली, लावणीच्या रांगेत माझ्या पुढे अजून कोणी गेलेली नाही. कंबर गेली कामातून. पण खाचर भरलेलं बघितलं की बरं वाटतं. दाट, मधे बोट घालायला जागा नाही.
बांधापलीकडे वैशाली दोरी ताणून बसली होती. नात्यानं धाकटी जाऊ, पण तिचं नाव निघालं की लोक आधी 'हुशार' म्हणतात. दोरीला वीत-वीत अंतरावर लाल चिंध्या. चिंधी दिसली की रोपाच्या दोन काड्या लावायच्या. मोजून दोन! मी एका चुडात सहा-सात लावते. सासूबाईही तेवढ्याच लावायच्या.
"वैशे, येवढ्यानं पोट भरायचं का गं?" मी ओरडले. सगळ्या हसल्या. तीपण हसली. तिला राग येत नाही, हा तिचा मोठा दुर्गुण आहे.

६ जुलै
सर खोपोलीहून आले होते. जमीन त्यांची. वरचं अर्धं वै. कसते, खालचं अर्धं मी. बांधावर छत्री टेकवून म्हणाले, "आता माझ्याच्यानं दोन घरी हिशोब ठेवणं होत नाही. पुढच्या वर्षी सगळं खाचर एकीलाच देईन. जिचं पीक चांगलं तिला." हसत म्हणाले. पण शाळेत हसत हसतच नापास करायचे म्हणे.
हे खाचर माझं आहे. म्हणजे कागदावर नाही. पण याचे बांध मी घातले, तेव्हा वै. या गावात आलीही नव्हती. अर्धं गेलं तर मी पावसाळ्यात करायचं काय? ह्यांच्या कंपनीच्या पाळ्यांचे डबे भरायचे?
पण सहाच्या पुढे दोन काय टिकणार. ज्योतिषी नको सांगायला.

१५ जुलै
वै.च्या खाचराला टक्कल पडल्यासारखं दिसतंय. कोंडाण्याच्या लेण्यांकडे निघालेली शहरातली पोरं थांबून विचारतात, "काकी, इथे लावायचं राहिलंय का?" म्हटलं, ते शिकलेल्यांचं शेत आहे. दिवसभर मजेत. उगीचच नाचणीच्या भाकऱ्या केल्या.

२७ जुलै
मोजायला गेले नव्हते. बांधावरचं गवत काढायला गेले होते. गवत काढता काढता तिच्या एका चुडाचे फुटवे मोजले. अकरा. चुकले असेन म्हणून शेजारचा. तेरा. परत मोजले. तेराच.
माझे लिहीत नाही.
युरियाच्या गोळ्या घातल्यात तिनं. चार चुडांच्या मधे एक, चिखलात खोल दाबून. मी मूठभर घेऊन फेकते आणि पावसाबरोबर निम्मं ओढ्याला जातं. हे मला ठाऊक नाही असं नाही. पण तिनं सांगावं आणि मी ऐकावं?
जळते मी तिच्यावर. वहीत तरी खोटं कशाला लिहा.

२ ऑगस्ट
वै.ची आई आजारी. ती माहेरी लोधिवलीला गेली. जाताना दारात उभी राहून, "ताई, तेवढं पानी बघ गं माज्या खाचराचं. हे ड्युटीवर असत्यात. तुज्याशिवाय कोनाला सांगू?"
बघते म्हटलं.

४ ऑगस्ट
पाऊस उघडलाय. मधल्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय, मुठीएवढं. वै.चं पाणी माझ्या खाचरात उतरतंय. चिखलाचे दोन गोळे लागले असते. एक हातात घेतलाही होता. मग टाकला, हात धुतले, घरी आले.
संध्याकाळी भावोजींनी विचारलं, "वयनी, पानी कसं हाय?"
"हाय की," म्हटलं. होतंच. कोणाच्या खाचरात ते त्यांनी विचारलं नाही.

७ ऑगस्ट
तिच्या खाचराला भेगा. पाय मावेल एवढ्या नाहीत, पण भेगा. वाटलं होतं बरं वाटेल. जेवण गेलं नाही.

८ ऑगस्ट
वै. आली. भोक बुजवलं, वरून पाणी घेतलं. मला एक शब्द नाही. "आई बरी हाय आता," एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या.

२० ऑगस्ट
वै.च्या बांधावर शेतीशाळा. कृषी सहाय्यक मॅडम आणि आजूबाजूच्या वाड्यांतली वीस-पंचवीस माणसं. मॅडमनी चूड उपटून मुळं दाखवली. पांढरी, दाढीसारखी. म्हणाल्या, "मधे पाणी काढून जमीन थोडी भेगाळू दिली होती ना? अगदी बरोबर. मुळांना हवा मिळाली, म्हणून फुटवे वाढले. कायम पाणी तुंबवून ठेवायचं नसतं. कोणी काढलं पाणी?"
वै. म्हणाली, "मी तवा माहेरी व्हते. आमच्या ताईच्या भरवशावर सोडलं व्हतं सगळं."
टाळ्या. मला! मॅडमनी फोटो काढला. फोटोत मी कशी दिसत असेन देव जाणे.
करायला गेले गणपती नि झाला मारुती. वाईट करायला गेले, तेही धड जमलं नाही. आणि तिचं ते सगळं पाणी पंधरा दिवस माझ्या भातात तुंबलेलं. माझ्याकडे फुटवे बघायला कोणी आलं नाही, ते बरं.
ती खरंच भोळी आहे की मला ओळखून आहे? दोन्हीतलं काहीही असलं तरी मला रागच येतो.

१९ सप्टेंबर
लोंब्या बाहेर पडल्या. ह्यांनी पाळीवरून येताना बघितलं असणार. परवा चहा पिता पिता म्हणाले, "वैशालीचं बघ काय झालंय!"
"मग तिकडंच जेवायला जावा."
"अगं, भाताचं बोलतोय मी!"
दोन दिवस अबोला. माझाच. त्यांना कळलंय की नाही शंका आहे.

१२ ऑक्टोबर
दुपारी वारा आणि पाऊस. माझं भात झोपलं. एवढं दाट की ताटं सुतळीसारखी बारीक झाली होती, एक पडलं ते दहांना घेऊन पडलं. तिचं उभंच्या उभं.
वै. न बोलावता आली. पडलेलं उचलून चार-चार चूड एकत्र बांधायला लागली. "तू बस गं ताई, तुजी कंबर दुखतेय." माझी कंबर हिला कशाला ठाऊक? तिचा हात झटकून टाकावासा वाटला. झटकला नाही. अंधार पडायच्या आत बांधून व्हायला हवं होतं. दोघींनी मिळून निम्मं सावरलं.

१ नोव्हेंबर
झोडणी झाली. वारा दिला तर माझ्या ढिगातून पळंजच जास्त उडालं, नुसते पोकळ दाणे. शेजारी वै.चा ढीग. तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते.
आता कळलं सहा काड्या एकमेकींच्या तोंडचं काढून खातात. शेतीशाळेत मॅडम हेही सांगत होत्या. जाऊ दे.

५ नोव्हेंबर
सर आले होते. वै.कडे. माझ्याकडे पाणी प्यायलाही थांबले नाहीत, तेव्हाच समजले. भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.
थोड्या वेळानं वै. आली, उंबऱ्यावर बसली. "ताई, सर सगळं खाचर मलाच देतो म्हनले."
"घे की मग."
"मी अजून हो म्हनलं नाय."
"का?"
"तुला इचारल्याबिगर कसं म्हनू? तू नको म्हनलीस तर मी नाय घेनार. सरांना सांगेन, मागच्यासारखंच ठेवा, अर्धं-अर्धं."
उद्या सांगते म्हटलं. मी नको म्हणाले तर ती खरंच घेणार नाही. भांडून घेतलं असतं तर जन्मभर तिला नावं ठेवली असती, सुखात राहिले असते.

६ नोव्हेंबर
दोनदा तिच्या दारात जाऊन आले. सकाळी 'नको घेऊ' सांगायला, दुपारी 'घे' सांगायला.
दोन्ही वेळा "ये ताई, बस," म्हणाली.
दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले.