आठ वाजताच्या सर्जनचे गुन्हे

सोमवार, ४ मार्च. रात्री पावणेनऊ.
शिसारी आली. दुसरा शब्द नाही. घरातल्या दोन बायका, म्हणजे बायको आणि सासूबाई, रोज आठ वाजता ती हॉस्पिटलची मालिका लावतात. तिचा हीरो एक सर्जन. आज त्याने पेशंटच्या बापाला झापलं, बायकोशी खोटं बोलला आणि मग कॉरिडॉरमधून गॉगल लावून चालत गेला. इमारतीच्या आत गॉगल! बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. आत गॉगल लावणारा माणूस एक तर डोळे आलेला असतो, नाहीतर निर्लज्ज. मागे व्हायोलिन. सासूबाई म्हणाल्या, किती राबतो हो बिचारा.
संकल्प: उद्यापासून आठ वाजता त्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

मंगळवार, ५ मार्च.
टाकलं, पण टीव्हीकडे पाठ करून बसलो. कपाटाच्या काचेत थोडंफार दिसतं, त्याला माझा इलाज नाही. सर्जनने आज नर्सला रडवलं. त्याचे केस मात्र जागच्या जागी.

बुधवार, ६ मार्च.
वाचनालयाच्या सेक्रेटरीबाई चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवून घ्यायला आल्या होत्या. स्क्रू बसवता बसवता मी मालिकांवर बोललो. पंधरा मिनिटं बोललो असेन. त्या म्हणाल्या, अहो, हे तुम्ही आमच्याकडे येऊन बोला ना. चोवीस तारखेला, रविवारी. विषय: ‘मालिका वाईट माणसांना देखणं करतात का?’
होकार दिला. समाजासाठी कुणीतरी बोललंच पाहिजे. अर्थात अभ्यासाशिवाय बोलणं मला जमत नाही. नवीन रजिस्टर आणलं. रकाने आखले: एपिसोड, गुन्हा, पार्श्वसंगीत. पहिल्या भागापासून सगळं बघावं लागणार. नाइलाज आहे.

शनिवार, ९ मार्च.
दुकानात मोबाइलवर जुने एपिसोड बघतो. एकेचाळीसपर्यंत आलो. गुन्हे त्रेपन्न. गिऱ्हाईक आलं तरी अभ्यास थांबत नाही. आज रिटायर्ड गणिताचे मास्तर आले, त्यांचा नंबर तपासला, लेन्सचा ऑर्डर फॉर्मही भरला, आणि त्याच वेळी सर्जनने सासऱ्याची सही कशी मारली तेही बघितलं. दोन्ही कामं एकदम. सवय लागते.
बाई (माझी मदतनीस, नऊ वर्षं दुकानात आहे) म्हणाली, सर, फॉर्म मी भरू का? म्हटलं, माझे हात मोडलेत का?

शुक्रवार, १५ मार्च. दुपारी.
कटकट. मास्तर नवीन चष्मा लावून बाहेर पडले आणि बँकेच्या पायरीवर पडले. गुडघा फुटला. थेट दुकानात आले. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवून म्हणाले, जमीन कुठे आहे तेच कळत नाही या चष्म्यातून! आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, पण चुकीपायी रक्त आलेलं आजच बघितलं!
फॉर्म काढून बघितला. उजव्या डोळ्याचा नंबर डाव्या रकान्यात, डाव्याचा उजव्यात. अक्षर साधारण माझ्यासारखं.
मी फक्त एवढंच म्हणालो, ‘बाई, जरा बघून लिहीत जा.’ हा सर्वसाधारण सल्ला होता. कुणालाही देता येतो. मास्तरांनी मग मोर्चा तिच्याकडे वळवला. बरंच बोलले. तिने फॉर्म बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, तातडीने दुसऱ्या काचा मागवते, मास्तर. उद्या घरी आणून देते.
प्रकरण शांतपणे मिटलं. अशा वेळी डोकं थंड ठेवावं लागतं.

शनिवार, १६ मार्च.
एपिसोड अठ्ठ्याऐंशी. सर्जनकडून ऑपरेशनमध्ये चूक होते आणि हा नीच माणूस सगळ्यांसमोर ज्युनियर डॉक्टर मुलीवर ढकलून मोकळा होतो! ती बिचारी गप्प. आणि कॅमेरा कुणावर? त्याच्यावर! त्याच्या डोळ्यात पाणी, त्याच्यासाठी बासरी! त्या मुलीला काय वाटलं असेल, हे कुणी विचारायचं? रजिस्टरचं अख्खं पान भरलं. भाषणाचा कळस हाच. इतकी किळस मला आजवर कशाचीच आली नव्हती.
बाई आज आली नाही. मास्तरांकडे चष्मा द्यायला परस्पर गेली असेल.

सोमवार, १८ मार्च.
बाईचा मेसेज. ‘सर, मी यापुढे येणार नाही.’ बस. कारण नाही, काही नाही. नऊ वर्षं! हल्ली माणसांना कशाची चाड राहिलेली नाही. बायकोने विचारलं, काय झालं हो एकाएकी? म्हटलं, कुठेतरी जास्त पगार मिळाला असेल. बायको म्हणाली, ती तशी नाही. म्हटलं, कोण कसं असतं ते तुला मालिका बघून कळणार आहे का?

बुधवार, २० मार्च.
दुकान एकट्याने चालवणं सोपं आहे. फक्त वस्तू सापडत नाहीत. बारके स्क्रू कुठे ठेवायची कोण जाणे. आज एकाचा तयार चष्मा दुसऱ्याला दिला. तो घालून निघूनही गेला, म्हणजे नंबर जुळत असावा.
रविवारसाठी काळं जाकीट घेतलं. दुकानात घालून बघितलं. कुणी काही विचारलं की आधी काचेबाहेर बघायचं, चार सेकंद गप्प राहायचं, मग सावकाश वळून उत्तर द्यायचं. असं केलं की माणसावर काय परिणाम होतो ते अभ्यासतोय. एका गिऱ्हाइकाने विचारलं, काका, बरं वाटत नाहीये का?
घरी बायको म्हणाली, अगदी सर्जनसारखं जाकीट आहे. असला अपमान मी गिळला.

शनिवार, २३ मार्च. संध्याकाळी.
बायकोला भाजी घेताना बाई भेटली. घरी येऊन पिशवीसुद्धा खाली न ठेवता बायको म्हणाली, तो फॉर्म तुम्ही लिहिला होतात.
विचारलं, ती म्हणाली का तसं?
बायको म्हणाली, ती काहीच म्हणत नव्हती, मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा रडली. अहो, नऊ वर्षांत एक फॉर्म चुकला नाही तिचा. आणि तुम्ही चारचौघांत?
मी समजावलं, की मी नाव घेतलं नव्हतं, सर्वसाधारण बोललो होतो. ती म्हणाली, जा आणि माफी मागा. आत्ता. म्हटलं, उद्या भाषण आहे, मन एकाग्र हवं. भाषण झालं की बघू. तिने टीव्ही लावला. आवाज नेहमीपेक्षा मोठा.

रविवार, २४ मार्च.
भाषण उत्तम झालं. एकतीस माणसं, त्यांतली सात पंख्याखाली जागा होती म्हणून बसलेली, पण ऐकत होती. एकशेबारा गुन्ह्यांची यादी वाचली. मग अठ्ठ्याऐंशीवर आलो. म्हटलं, आपली चूक हाताखालच्या मुलीच्या पदरात टाकणारा माणूस, आणि आपण त्याला हीरो म्हणायचं? चार सेकंद थांबलो. टाळ्या! सेक्रेटरीबाईंनी मान हलवली.
मग प्रश्न. गणिताचे मास्तर उठले. गुडघ्याला पट्टी. म्हणाले, प्रश्न नाही, एक निरोप आहे. तुमच्या दुकानातल्या बाईंना मी त्या दिवशी नको नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, नाकावर चष्मा नीट बसवून दिला, मला जिन्यापर्यंत चालवून बघितलं. तक्रारीचा एक शब्द नाही. मला फार लाज वाटली हो. त्यांना सांगा. कुठे असतात हल्ली? दुकानात दिसत नाहीत.
बायको दुसऱ्या रांगेत होती. माझ्याकडेच बघत होती.
म्हणालो, रजेवर आहे.
आभारप्रदर्शन झालं. घरी येताना बायको चार पावलं पुढे चालत होती. तिला घाई असावी.

बुधवार, २७ मार्च. रात्री नऊ.
आज शेवटचा भाग. सर्जनने अख्ख्या हॉस्पिटलसमोर त्या ज्युनियर मुलीची माफी मागितली. गॉगल काढून. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला ओकारी यायची बाकी होती. एकशेबारा गुन्हे, आणि एक ‘माझं चुकलं’ म्हटलं की सगळं धुऊन निघालं? हेच तर उदात्तीकरण! मी हे मोठ्याने म्हणालो.
बायको टीव्हीकडे बघतच म्हणाली, तो माणूस वाईटच आहे. मला कधी आवडला नव्हता. पण आज तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. सव्वीस वर्षांत तुमच्या तोंडून मी ऐकलेला नाही.
सासूबाई उठून आत गेल्या.
मी रजिस्टर उघडलं. त्याने आधीही कधी माफी मागितली होती का, ते बघायचं होतं. तसा रकानाच आखलेला नाही.

शनिवार, ३० मार्च. दुपारी चार.
गेलो. स्वतःहून गेलो, हे नोंदवून ठेवतो. बायको तीन दिवस माझ्याशी फक्त ‘जेवायला वाढलंय’ एवढंच बोलते, त्याचा याच्याशी संबंध नाही.
चार मजले, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर वाक्य म्हणून बघितलं. ‘बाई, माझं चुकलं.’ तिसऱ्या मजल्यावर अगदी छान जमलं. तिथे कुणी राहत नाही.
बाईने दार उघडलं. हात पिठाचे. म्हणाली, या सर. खुर्ची पुसली. मी बसलो नाही. चार सेकंद थांबायचं ठरवलं होतं, पण तिथे बाहेर बघायला खिडकीच नव्हती, समोर भिंत. थांबलो. थांबणं जरा लांबलं. तिने विचारलं, पाणी आणू का?
मी म्हणालो, दुकानाची किल्ली राहिलीय तुझ्याकडे.
मी हे का म्हणालो, त्याचा विचार करतोय. जिने चढल्यामुळे धाप लागली होती.
तिने हात धुतले, खिळ्यावरची किल्ली काढली, पदराला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, तिसरा ड्रॉवर अडकतो सर, थोडा उचलून ओढा. बारके स्क्रू तिथेच आहेत.
मी म्हणालो, बरं.
खाली उतरायला फार वेळ लागला.

त्याच दिवशी, सात वाजता.
बायकोने दारातच विचारलं, जाऊन आलात? म्हटलं, जाऊन आलो. हे शंभर टक्के खरं आहे. बोललात? म्हटलं, बोललो. हेही खरं.
तिचे डोळे भरून आले. माझा हात धरून आत घेऊन गेली. मला न विचारता चहा केला, आल्याचा. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, शोभलं तुम्हाला. दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या, जशा आजवर फक्त त्या सर्जनकडे बघायच्या.
मला ते आवडलं. एवढंच लिहितो.

रविवार, ३१ मार्च. सकाळी साडेदहा.
बायको आंघोळीला गेली आहे. जाताना म्हणाली, बाहेर आले की पहिला फोन बाईला. तिला म्हणते, बघ, आमचे हे मनाने मोठेच आहेत, फक्त बोलायला वेळ लागतो.
नळ चालू आहे. अजून दहा मिनिटं असतील.
बाईला आधी कुणीतरी गाठून सांगायला हवं, की फोन आला तर ‘हो, आले होते’ एवढंच म्हण, पुढे काही नको. पण कुणाला पाठवू? असली नाजूक कामं दुकानात बाईच करायची.
नळ बंद झाला.