डावा कोपरा

१० नोव्हें., सोम.
कबड्डीची प्रॅक्टिस संपल्यावर मॅट गुंडाळताना कोमलनं सांगितलं. खाली बघतच. दौंडच्या निवड चाचणीसाठी वजन बघायचं म्हणून सर पोरींना एकेकीला ऑफिसात बोलवतात, दार लावून घेतात, नको तिथं हात लावतात. हिला तर मेसेज पण. अकरावीतली पोर हाय ती. घरी कळलं तर खेळ बंद, लग्नच लावतील म्हणाली. कुणाला नाव सांगणार न्हाई असं कबूल केलं.
मी सरांच्याच हाताखाली पोरींना पकडी शिकवते. उद्या त्याच माणसाला गुड मॉर्निंग म्हणायचं.

११, मंगळ.
म्हटलं गुड मॉर्निंग. वजनाचा काटा उचलून व्हरांड्यात आणून ठेवला, आत उजेड कमी हाय म्हटलं. सर हसले. नुसते बघत राहिले.

१३, गुरु.
मंडळाच्या अध्यक्षांकडं, आप्पांकडं गेले, खताच्या दुकानात. त्यांचा शब्द सर बी मोडत न्हाईत. सगळं सांगितलं, नाव सोडून. आप्पा म्हणाले, सरांच्या जिवावर गावातल्या पोरी पोलिसात नोकरीला लागल्या, विचार करून बोल. पोर खोटं बोलत असंल तर? मला राग आला. म्हटलं, "आप्पा, डावा कोपरा सांभाळणारी पोर हाय, रेडरला घाबरत न्हाई ती. खोटं कशाला बोलंल?"
निम्म्या वाटंत ध्यानात आलं. संघात डावा कोपरा एकच असतोय.
मूर्ख. मूर्ख बाई.

१५, शनि.
आप्पांनी सरांना सांगितलंच. सर सगळ्यांदेखत म्हणाले, आजपास्नं डावा कोपरा बाहेर बसंल. कारण न्हाई, काय न्हाई. कोमलनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.
काटा परत ऑफिसात.

१७, सोम.
कोमल आली न्हाई, फोन बंद. त्यांच्या शेवंतीच्या रानात गेले. आई फुलं तोडत होती. माझ्याकडं न बघताच बोलली. आप्पा येऊन गेले, पोरीचं नाव गावात व्हायच्या आत उजवून टाका म्हणाले. इनामगावचं स्थळ हाय, रविवारी बघायला येत्यात. म्हटलं, मावशी, अजून अठरा पण पुरी न्हाईत, आन् तिचा काय दोष?
"दोष कुणाचा का असंना बाई, नाव तर आमच्याच पोरीचं खराब होतंय."
फुलांसंगं कळ्या पण तोडत होती. तिला पण भ्याच वाटतंय. कोमल घरात होती, बाहेर आली न्हाई.
येताना सरांची बुलेट मागं होती. फाट्यापर्यंत. पुढं बी जाईना, थांबंना बी.

१८, मंगळ.
भाऊ म्हणतो, विंचवाच्या बिळात हात घालू नको, तुला पण इथंच राहायचंय. खरंय त्याचं. पण मग पोरीनं कुठं राहायचं?

१९, बुध.
कामावर, कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत मुलांच्या हेल्पलाईनला फोन केला. बाथरूममधनं. बाई शांत बोलली. पोर अठराच्या आतली हाय, घरचे नको म्हणाले तरी तक्रार होते, लग्न पण थांबवता येतं. मग नाव विचारलं. मी कट केला. तिला विचारल्याबिगर एकदा सांगून बसलेय, परत न्हाई.

२१, शुक्र.
कॉलेजच्या गेटवर कोमल भेटली. प्रॅक्टिकल होतं म्हणून सोडलेली, चुलती संगं. चुलती भेळ बांधून घेईस्तवर बोललो. चुकलं माझं म्हटलं. हेल्पलाईनचं सांगितलं, तुझं नाव देऊ का विचारलं. रडली न्हाई. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.
"माझं नाव तर सगळ्यांनी घेतलंच की, ताई. द्या. पण तुमचं बी द्या. एकटीचं नको."
माझं नाव द्यायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
दुपारी हेल्पलाईनला परत फोन लावला. आधी माझं सांगितलं, मग तिचं. शिरूरवरनं त्यांची माणसं येणार, पोलीस पण. उद्या येतो म्हणाल्यात, नक्की न्हाई. पाहुणे परवा.
आत्ता सरांचा फोन येऊन गेला. नुसतं विचारलं, उद्या ग्राउंडवर येणार ना? त्यांना कळलंय का न्हाई, आवाजावरनं काय कळंना.
"येणार, सर," म्हटलं.